रॉ फाईलमधली धाकटी

१

स्टुडिओच्या भिंतीवर तीन फोटो टांगले होते, आणि तिन्ही एकाच फोटोचे होते. निदान घरात तसं ठरलं होतं.

धाकटीनं रुमालानं चष्मा पुसला आणि पुढे झाली. परीक्षक तीच. कुठला फोटो कुणी तयार केलाय हे तिला कळू द्यायचं नाही असा नियम होता, आणि तो मोडायची खुमखुमी असलेले तिघंही तिच्यामागे हाताची घडी घालून उभे होते. ती पहिल्या फोटोपाशी थांबली. दुसऱ्यापाशी थांबली. तिसऱ्यापाशी जरा जास्तच थांबली आणि पुन्हा पहिल्याकडे आली. सगळ्यांना वाटलं, रंग बघतेय.

"यात मी आहे," तिसऱ्या फोटोकडे बोट दाखवत ती म्हणाली. "या दोनांत नाही."

तिघंही पुढे झुकले. खरंच नव्हती. अंगणातल्या पायऱ्यांवर सगळं घर दाटीवाटीनं उभं, हसतंय, आणि उजव्या टोकाला जिथं धाकटी असायला हवी तिथं फोटोच संपलेला.

"चला, निकाल सोपा झाला," ती म्हणाली आणि जिना चढून वर गेली. थोड्या वेळानं वरून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. एका दमात, शेवटपर्यंत.

गिऱ्हाइकांच्या बाकावर बसलेल्या दाजींनी चहाचा कप खाली ठेवला. दाजी म्हणजे मधल्या बहिणीचा नवरा. पोरं त्यांना काका म्हणत, बाकी सगळं घर दाजी. विमा कंपनीत त्यांनी हयातभर एकच काम केलं होतं: कुणाचं गोदाम जळालं, दुकान बुडालं की जाऊन बघायचं, खरंच जळालं का जाळलं. त्यामुळे माणूस भेटला की मनातल्या मनात त्याचं खातं उघडायची त्यांना खोड होती. यात याची जमा काय, खर्च काय, आणि शिल्लक कुणाच्या पदरात.

मधली त्यांच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "अहो, परक्यांच्या जळक्या गोदामांत आयुष्यभर नाक खुपसलंत. आज जरा घरात खुपसा."

"घरातल्या लोकांची नाकं जास्त लांब असतात, बाई."

"विनोद पुरे. ती दुपारच्या बसनं निघतेय. किती वर्षांनी आली होती, माहितेय ना? हे मनात घेऊन गेली तर या उंबऱ्यात पुन्हा पाय ठेवणार नाही."

दाजींनी दुकानाकडे नजर टाकली. फोटो तयार करणारे तिघं, म्हणजे दादांचा मुलगा, सून आणि जावई, एकमेकांकडे संशयानं बघत होते. आणि काउंटरमागे दादा, स्टुडिओचे मालक, तिन्ही भावंडांत थोरले, कॅमेऱ्याची काच पुसत बसले होते. काच आधीच स्वच्छ होती.

२

मुळात हा घाट घातला दादांनीच.

त्यांचा कॅमेरा रॉ फाईल देई. म्हणजे कॅमेऱ्यानं जे पाहिलं ते न शिजवता, कच्चंच हातात. ते शिजवायला कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर लागतं, आणि या एका घरात चुली तीन होत्या. मुलगा कॅमेऱ्याच्या कंपनीनं दिलेलं सॉफ्टवेअर वापरी. सून महिन्याच्या भाड्यावर मिळणारं वापरी. नवरा-बायको एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून काम करत आणि एकाच गिऱ्हाइकाला स्वतःचं तोंड दोन रंगांत मिळे. जावयाचा फोटोग्राफीशी संबंध सासुरवाडीपुरता, पण त्याला हौशी लोकांनी मिळून बनवलेलं एक फुकटचं सॉफ्टवेअर सापडलं होतं, आणि ते सगळ्यांत भारी कसं हे तो जेवताना सांगे.

शेवटी दादांनी फर्मान काढलं. घरच्यांचा एक फोटो मी काढतो. तीच फाईल तिघांनी आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये तयार करायची. धाकटी आलीच आहे, ती ठरवेल. ती ज्याला बरं म्हणेल ते स्टुडिओत राहील, बाकीच्यांनी तोंड मिटायचं.

दाजींनी मुलाला अंगणात बोलावलं.

"आत्याला का कापलंस?"

"मी नाही कापलं, काका. माझ्या फाईलमध्ये ती नव्हतीच."

"नव्हतीच म्हणजे?"

"उघडली तेव्हा नव्हती. मला वाटलं, आत्या आयत्या वेळी बाजूला झाली असेल. आधी 'मी नको, मी नको' म्हणत होती ना. आणि मी कशाला तिचा विषय काढू? परवाच तिनं माझं लायटिंग बघून 'ऑपरेशनच्या टेबलासारखं आहे' म्हटलं होतं."

"राग आला?"

"आला की. खरं होतं ना ते."

दाजींनी मनात मुलाच्या खात्यावर लिहिलं: राग आहे, पण पचवलेला. पचलेला राग कात्री धरत नाही.

सून आतल्या खोलीत प्रिंटरशी झटत होती. दाजी दारात उभे राहिले तशी मान वर न करताच म्हणाली, "काका, माझ्यावर संशय असेल तर सरळ विचारा. आत्याबाई आल्या तेव्हापासून माझ्या टेबलावरच्या तीन गोष्टी तरी हलवल्यात. पण म्हणून मी त्यांना फोटोतून हलवणार नाही."

"मग तू बघितलं नाहीस त्या नाहीत ते?"

"बघितलं. गप्प बसले. घरात जुनं काहीतरी आहे एवढंच मला माहीत आहे, काय आहे ते नाही. लग्न होऊन आलेल्या माणसानं अशा जागी बोट घालू नये."

"म्हणजे तुझ्याही फाईलमध्ये त्या नव्हत्या."

"नव्हत्या. पण 'तुझ्याही' म्हणजे? याच्याही नव्हत्या?" सुनेनं पहिल्यांदा वर बघितलं. नवऱ्याशी या विषयावर ती अक्षर बोलली नव्हती हे तिच्या चेहऱ्यावरच छापलेलं होतं.

राहिला जावई. तो स्वतःच दाजींना शोधत आला.

"काका, हे दोघं म्हणतायत की मी आत्यांना दुसऱ्या फोटोतून उचलून चिकटवलं. मार्क मिळवायला."

"चिकटवलंस?"

"मला लोकांच्या तोंडावरचा हिरवट रंग काढता येत नाही अजून, आख्खं माणूस काय चिकटवणार? माझ्या फाईलमध्ये त्या होत्या. पहिल्यापासून."

हे मात्र पटण्यासारखं होतं. तिसऱ्या फोटोत पायऱ्यांच्या फटीतलं गवत पात्यानिशी दिसत होतं, पण अख्खं घर नुकतंच काविळीतून उठल्यासारखं दिसत होतं.

दाजी अंगणातल्या पायरीवर बसले. खोटं बोलणाऱ्यांची त्यांना इतकी सवय होती की खरं बोलणारा समोर आला की त्यांना अवघडल्यासारखं होई. आणि आज एकापाठोपाठ एक तिघं आले होते. एकच फाईल. दोघं शपथेवर सांगतायत, आत्या त्यात नाही. एक सांगतोय, आहे. आणि दाजींचं नाक सांगत होतं की तिघंही खरं बोलतायत.

३

वरच्या खोलीत धाकटी पलंगाच्या कडेला बसली होती. बॅग दाराशी तयार होती.

"दाजी, तुम्ही समजूत घालायला आला असाल तर खाली जा."

"मी समजूत घालत नाही. माझा धंदा पंचनाम्याचा. एवढंच सांग, फोटोच्या वेळी तू उभी होतीस?"

"होते. मधलीनं दंडाला धरून ओढलं मला. टोकाला जागा होती, तिथं उभी राहिले. हसलेसुद्धा. आता त्या हसण्याची लाज वाटतेय."

दाजी खुर्ची ओढून बसले. धाकटी खिडकीबाहेर बघत बोलू लागली, आणि त्यांनी तिला मधे अडवलं नाही.

"तुम्हाला वाटत असेल, एवढ्याशा गोष्टीसाठी ही म्हातारी रुसली. बाबा असताना खाली डार्करूम होती. मी आणि दादा तिथंच वाढलो. त्या दोन डोळ्यांच्या जुन्या कॅमेऱ्यावर मीच फोटो काढायचे. पोटाशी धरायचा, वरून खाली बघायचं, आणि सगळं जग चौकोनात बसवायचं. दादा म्हणायचा, चौकोनात तुझ्यासारखं कुणाला बसवता येत नाही. मग डिजिटल आलं. मी सुट्टीहून परत आले तर डार्करूमच्या जागी कॉम्प्युटर, आणि कॅमेरा विकलेला. मला विचारलंही नाही. मी भांडले नाही हो. गाव बदललं, शाळेत चित्रकला शिकवायला लागले. सणासुदीसारखं वरवर बोलत राहिलो."

"आणि या खेपेला?"

"या खेपेला वाटलं होतं..." ती थांबली. "काउंटरवर कॅमेरा समोर पडलेला असतो. मी इतके दिवस त्याच्या आजूबाजूला घुटमळतेय. दादा एकदाही म्हणाला नाही, घे, काढ एक. आणि परीक्षक कशाला केलं? तर बघायला, की तुझ्याशिवायही घर छान दिसतं."

दाजींच्या मनात एक जुना, धंद्यातला संशय येऊन गेला. कितीतरी आगी ज्याचं जळालं त्यानंच लावलेल्या असतात. रागावून जायला कारण हवं म्हणून हिनंच काही केलं असेल? पण मग तिचे हात त्यांनी बघितले. मांडीवर पडलेले, उगीचच काहीतरी धरल्यासारखे वाकलेले. ज्या वस्तूला हात लावायला मिळाला नाही तिच्यात ही काय करामत करणार?

"बस कधी आहे?" त्यांनी विचारलं.

"जेवण झाल्यावर लगेच."

"मग जेव सावकाश," दाजी म्हणाले आणि उठले.

जिना उतरताना समोरच्या भिंतीवरचे तिन्ही फोटो एका नजरेत आले. आत्तापर्यंत सगळ्यांनी उजवं टोक बघितलं होतं. दाजींची नजर सहज डावीकडे गेली, आणि शेवटच्या पायरीवर त्यांचा पाय तसाच राहिला.

तिसऱ्या फोटोत डाव्या टोकाला भिंतीशी जावयाची सायकल टेकवलेली होती. पहिल्या दोनांत सायकलही नव्हती.

४

"सगळे इकडे या," दाजी म्हणाले. आवाज चढवावा लागला नाही. मुलगा, सून, जावई आणि मधली फोटोंसमोर येऊन उभे राहिले. दादा काउंटरमागून हलले नाहीत.

"मला एक सांगा. आत्यावर कुणाचा राग असेल हे मी समजू शकतो. सायकलवर कुणाचा होता?"

जावई पुढे वाकला. "अरे, माझी सायकल गेली की."

"चोर निवडून नेतो," दाजी म्हणाले. "पूर निवडत नाही, दोन्ही काठांवरचं सारखंच नेतो. आमच्याकडे पहिली गोष्ट हीच बघायचो. इथं डावीकडून जेवढं गेलंय, उजवीकडून तेवढंच गेलंय. माणसाचा राग असा मोजूनमापून दोन्हीकडे पडत नाही. आता पाय बघा. तिसऱ्या फोटोत सगळ्यांचे पाय आहेत. पहिल्या दोनांत गुडघ्याखाली कुणी नाही, आणि माणसं मोठी दिसतायत. का?"

"या फ्रेम आडव्या आहेत," मुलगा म्हणाला. "त्यात बसवायला मी वरून-खालून थोडं कापलं."

"मी पण," सून म्हणाली.

"मी नाही कापलं," जावई म्हणाला. "माझा तसाच बसला."

"तुम्हा दोघांना वरून-खालून कापावं का लागलं? उघडला तेव्हा फोटोचा आकार कसा होता?"

नवरा-बायकोनं एकमेकांकडे बघितलं. फोटोंच्या विषयावर कित्येक महिन्यांनी ते एकदम बोलले, आणि एकच शब्द बोलले.

"चौकोनी."

"आणि तुझा?"

"लांबट," जावई म्हणाला. "नेहमीसारखा."

सून आधीच खुर्चीत बसली होती. तिनं फाईल उघडली. पडद्यावर चौकोनात घर उभं राहिलं, धाकटीशिवाय. तिनं कापायच्या खुणेवर क्लिक केलं, आणि चौकोनाच्या दोन्ही बाजूंना अंधुक पट्टे उमटले. तिनं कडा धरून बाहेर ओढली. डावीकडून सायकल आली. उजवीकडून एक खांदा आला, मग चष्मा, मग धाकटीचं हसू.

"आहेत की," सून पुटपुटली. "मी रंगांच्या मागे होते, इथं हातच लावला नाही. काका, हे कुणी कापलेलं नाही. कॅमेऱ्यात फोटोचा आकार ठरवता येतो. चौकोनी ठेवला तरी रॉ फाईलमध्ये सगळं येतं, कॅमेरा फक्त सोबत चिठ्ठी जोडतो, की चौकोनी दाखवा. माझं सॉफ्टवेअर चिठ्ठी वाचतं."

"माझं पण," मुलगा म्हणाला. "कॅमेऱ्याच्याच घरचं ते, वाचणारच."

"आणि भाऊजींचं..."

"माझं कुणाचं ऐकत नाही," जावई अभिमानानं म्हणाला. "जे आहे ते दाखवतं."

मधलीनं कपाळावर हात मारला. "म्हणजे तुमच्या दोघांच्या सॉफ्टवेअरनं गुणी सुनेसारखं मुकाट ऐकलं, आणि याच्या अडाणी सॉफ्टवेअरनं माझी बहीण दाखवली."

"आत्याबाईंना बोलावून आणते," सून उठली.

"थांब," दाजी म्हणाले. "तिला काय सांगणार? कॅमेऱ्यानं केलं? तिचा दुसरा प्रश्न काय असेल ते मला आत्ताच ऐकू येतंय. कॅमेऱ्याला चौकोन सांगितला कुणी?"

काउंटरमागे कापड फिरायचं थांबलं.

५

घरच्यांचा फोटो काढला त्या दिवशीच्या सगळ्या फाईली सुनेनं ओळीनं मांडल्या. सकाळी मुलानं काढलेले पासपोर्टचे फोटो होते, सगळे लांबट. शेवटी घराचा फोटो, चौकोनी. आणि या दोन्हींच्या मधे एकच फोटो असा होता जो कुणीच उघडून बघितला नव्हता.

सुनेनं तो मोठा केला. आतल्या खोलीतलं जुनं स्टूल, खिडकीखाली. बाकी काही नाही. तोही चौकोनी.

"हा कुणी काढला?" मुलगा म्हणाला. "मी नाही."

"चुकून बटण दाबलं गेलं असेल," जावई म्हणाला.

दाजींनी पडद्याजवळ चेहरा नेला. "चुकून दाबलेलं बटण इतकं नीट दाबत नाही. स्टूल बरोबर मधोमध आहे. खिडकीचा उजेड वरून दोन्ही कोपऱ्यांना सारखा. ज्यानं हा काढला त्याला कॅमेरा चौकोनात आहे हे माहीत होतं. इतकंच नाही, त्याला चौकोन हवा होता. तुमच्यापैकी असं कोण काढतं?"

"हा तर नाही," सून नवऱ्याकडे बघून म्हणाली. "व्हिडिओ बघून शिकलाय तेव्हापासून सगळ्या जगाला एका बाजूला सरकवतो. मी माणसाशिवाय फोटो काढत नाही. आणि भाऊजींच्या हातात कॅमेरा कुणी देत नाही."

"स्टूल कुणाचं?" दाजींनी विचारलं, पण बायकोकडे बघत.

मधलीचा आवाज जरा बदलला. "धाकटीचं. डार्करूममध्ये त्यावर बसून ती प्रिंट वाळायची वाट बघायची. त्या खोलीतून सगळं गेलं, स्टूल मात्र..." तिनं काउंटरकडे बघितलं. "त्या दिवशी फोटोआधी दादा कॅमेरा पुसून आणतो म्हणून आत गेला होता. आम्ही पायऱ्यांवर ताटकळत उभे."

दाजी काउंटरपाशी गेले आणि दादांच्या समोरच्या खुर्चीत, जिथं गिऱ्हाईक बसतं तिथं, बसले. तपासात हीच वेळ त्यांना नकोशी वाटे. खातं जुळत आलेलं असे आणि शिल्लक भलत्याच माणसाच्या नावावर निघे.

"दादा, एवढंच कळत नाही. तुम्हाला माहीत होतं तर फोटो काढताना दिसलं कसं नाही?"

दादांनी कापड खाली ठेवलं. मग कॅमेरा उलटा करून त्यांनी दाजींपुढे धरला.

"मागच्या पडद्यावर चौकोन दिसतो. स्टूल मी पडद्यात बघून काढलं. घराचा फोटो डोळा लावून काढला, सवय. कॅमेऱ्याच्या त्या बारक्या खिडकीत सगळं दिसतं, चौकोनाच्या फक्त केसाएवढ्या रेघा. चष्मा काढल्यावर मला रेघ दिसते होय?"

"आणि काढल्यावर पडद्यावर बघितलं नाहीत?"

"आम्ही रीळवाले, दाजी. काढला की काढला. पाठ फिरवून बघायचं नाही, ते नवशिक्यांचं काम. पोरांना मी यावरूनच बोलत असतो." ते कडवट हसले. "आज भिंतीवर बघितलं आणि त्याच क्षणी कळलं."

"मग तिथल्या तिथं बोलला का नाहीत?"

"काय बोलू? चौकोन का केला, हे सांगावं लागलं असतं."

"का केला?"

दादांनी आवाज खाली आणला. "तिच्या हातात द्यायचा होता. ती येणार म्हटल्यापासून मनात होतं. तिच्या सवयीचा चौकोन करून, घे, तू काढ, म्हणायचं. आत जाऊन एक काढून बघितला, नीट जमतोय का. बाहेर आलो, ती पायऱ्यांशी उभी होती, आणि माझी जीभ उचलेना. तिचा कॅमेरा विकणारा माणूस मी. कुठल्या तोंडानं म्हणू, घे? मग मीच डोळा लावला. चौकोन तसाच राहिला."

दाजींच्या कारकिर्दीत लोकांनी रागानं, लोभानं, कंटाळ्यानं आगी लावल्या होत्या. मायेपोटी लागलेली ही पहिलीच, आणि हिच्यासाठी त्यांच्याकडे रकाना नव्हता.

"हे मी तिला सांगणार नाही," ते म्हणाले. "पंचनामा माझा. कबुली तुमची."

"मला जमणार नाही."

जिन्यावरून बॅग उतरण्याचा आवाज आला. एकेक पायरी, धप, धप.

६

धाकटी जेवलीच नव्हती. बॅग दाराशी टेकवून ती मधलीला म्हणाली, "निघते. लवकर गेलेलं बरं, बसायला जागा मिळते."

"आत्याबाई, आधी हे बघा," सून म्हणाली आणि पडदा तिच्याकडे वळवला. चौकोन, ओढलेली कडा, सायकल, चष्मा. धाकटीनं सगळं ऐकून घेतलं. चिठ्ठीचं, चिठ्ठी वाचणाऱ्यांचं, न वाचणाऱ्याचं. चित्रकलेच्या बाई होत्या, शेवटपर्यंत मान डोलवत राहिल्या.

"बरं झालं सांगितलंत. म्हणजे कुणी मुद्दाम नाही केलं." आवाज सरळ होता, पण हात बॅगेच्या मुठीवरून हलला नव्हता. "आणि चौकोन कुणी केला?"

सुनेनं तोंड मिटलं. मुलानं जमिनीकडे बघितलं. जावयाला सांगायची प्रचंड घाई झाली होती. दाजींनी त्याच्या पायावर हळूच पाय ठेवला.

काउंटरच्या मागून दादा बाहेर आले. हातात कॅमेरा. येताना त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. बहिणीच्या समोर येऊन उभे राहिले आणि जे घोकून आणलं होतं ते सगळं विसरले असावेत, कारण नुसतंच म्हणाले, "मी केला. तुझ्यासाठी."

धाकटीला कळलं नाही. मग तिनं पडद्यावर, ओळीत मागे राहिलेल्या त्या लहानशा फोटोकडे बघितलं. खिडकीखालचं स्टूल, चौकोनात. ती जवळ गेली आणि वाकून बघत राहिली, सकाळी भिंतीवरचे बघितले त्याहून जास्त वेळ.

"उजेड छान धरलायस," ती शेवटी म्हणाली. "स्टूल किंचित खाली हवं होतं."

"माहितेय."

"मग खाली का नाही घेतलंस?"

"तू घेतलं असतंस." दादांनी कॅमेरा पुढे केला. "त्या वेळी विचारलं नाही. आता विचारतोय. काढतेस?"

धाकटीनं कॅमेरा घेतला, वजन बघितलं, पट्टा गळ्यात अडकवला आणि मागचा पडदा उघडून वर फिरवला, असा की कॅमेरा पोटाशी धरून वरून बघता यावं. हे करता येतं हे घरात कुणाला माहीतच नव्हतं. मुलगा तर दोन वर्षं तो कॅमेरा वापरत होता.

"चला बाहेर," ती म्हणाली. "सगळे. पायऱ्यांवर."

"आत्या, तुमचा निकाल?" जावयानं चालता चालता विचारलं. "कुठलं सॉफ्टवेअर?"

"तुझ्यात मी आहे, पण मेल्यासारखी दिसतेय. याच्यात सगळे मेणाचे झालेत. हिच्यात माणसं माणसांच्या रंगाची आहेत आणि लपलेलं बाहेर काढता येतं. हिचं ठेवा." मग सुनेकडे वळून, "फक्त आधी कडा ओढून बघत जा, बाई."

"आणि तुम्ही माझं टेबल हलवू नका," सून म्हणाली.

"ते सांगता येत नाही."

पायऱ्यांवर पुन्हा दाटी झाली. या खेपेला दादाही उभे होते, मधोमध, हात कुठं ठेवावेत ते न कळून. धाकटी दोन पावलं मागे गेली, एक पुढे आली, वाकून पडद्यात बघत जावयाला डावीकडे सरक म्हणाली, मधलीला हनुवटी खाली म्हणाली. दाजींना म्हणाली, "आणि तुम्ही हिशेब थांबवा, कपाळावर दिसतोय."

दाजींनी थांबवला. एक नोंद तेवढी राहिली होती, ती मधलीच्या तोंडून बाहेर पडली.

"अगं, पण तू परत फोटोत नाहीसच."

"मी इथं आहे ना," धाकटी मान वर न करता म्हणाली. "दादा, डोळे मिटू नकोस."

रस्त्याच्या वळणावर दुपारच्या बसचा हॉर्न वाजला. पायऱ्यांवरच्या कुणीच तिकडे मान वळवली नाही. हलायचं नाही अशी सक्त ताकीद होती.